खाटेवरचे दिवस आणि पावलांचा हिशेब

आजारी माणसाने पडून राहावे ही समजूत इतकी जुनी व इतकी सर्वमान्य आहे की तिच्याविषयी सहसा कोणी प्रश्न विचारीत नाही. आपल्या भाषेनेही तिला दुजोरा दिला आहे. आजार वाढला की माणूस अंथरूण धरतो आणि बरा झाला की हिंडूफिरू लागतो, असे आपण म्हणतो. आधी बरे व्हायचे आणि मग हिंडायचे, हा क्रम आपण गृहीत धरून चालतो. निदान वृद्धांच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा उलटा असतो, हे गेल्या पाऊणशे वर्षांत हळूहळू उमगत गेले. ते शेवटी आकड्यांनिशी दाखवून दिले, ते पायाला बांधलेल्या काडीपेटीएवढ्या यंत्रांनी. त्या यंत्रांविषयी, आणि त्यांनी उभ्या केलेल्या एका नैतिक प्रश्नाविषयी, येथे थोडा विचार करावयाचा आहे. म्हाताऱ्या, आजारी माणसाच्या हालचाली यंत्राने मोजाव्यात काय? आणि मोजल्याच, तर मोजणाऱ्यावर कोणते बंधन येते?

१९४७ साली लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणाच्या धोक्यांविषयी एक छोटासा लेख लिहिला. पडून राहिल्याने छातीत कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, स्नायू झिजतात, हाडांतील चुना निघून जातो, लघवी तुंबते आणि शेवटी उठावे ही इच्छाच मरते, असे एकेका इंद्रियाचे नाव घेऊन त्यांनी मांडले. डॉक्टरसाहेब मोठे विनोदी लेखक होते. लेखाच्या अखेरीस त्यांनी सतराव्या शतकातील बिशप थॉमस केन यांच्या सायंकाळच्या गीताचे विडंबन केले आहे. याच गीताचे शेवटचे कडवे जगभरच्या मंडळ्यांत डॉक्सॉलॉजी म्हणून गायिले जाते. मरणाची भीती अंथरुणाइतकीच कमी वाटावी, अशी बिशपसाहेबांची प्रार्थना होती. अ‍ॅशर यांनी ती फिरवून, आम्हांला अंथरुणाचीच भीती वाटू दे, अशी केली.

पुढे १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांना थोड्याच दिवसांत उचलून आरामखुर्चीत बसविण्यास प्रारंभ केला. त्या काळी अशा रोग्याला चार-सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवीत आणि हलू देत नसत. त्यामुळे पुष्कळांना हा प्रकार क्रूरपणाचा वाटला. परंतु खुर्चीत बसविल्यामुळे रोगी दगावले नाहीत, उलट त्यांना हुशारी वाटू लागली. (हेच डॉक्टर लाऊन पुढे अणुयुद्धाविरुद्ध उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या संघटनेचे एक संस्थापक झाले, आणि त्या संघटनेला १९८५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंगवळणी पडलेल्या गोष्टींना हरकत घेण्याची सवय माणसाला एकदा लागली म्हणजे ती एका क्षेत्रापुरती राहत नाही.)

ज्ञान असे होते. तरीही वॉर्डांतील खाटा होत्या तशाच भरलेल्या राहिल्या. २००९ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माजी सैनिकांच्या इस्पितळात दाखल झालेल्या, पासष्ट वर्षांवरील ४५ रोग्यांच्या मांडीला व घोट्याला ही यंत्रे बांधण्यात आली. हे कोणी लुळेपांगळे नव्हते. दाखल होण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत सर्वांना चालता येत होते आणि सर्व शुद्धीवर होते. त्यांचा पहिला आठवडा, किंवा त्याआधी घरी गेल्यास तेवढे दिवस, यंत्रांनी टिपून ठेवले. एकूण वेळेपैकी सरासरी ८३ टक्के वेळ ही माणसे खाटेवर आडवी होती. उभे राहणे आणि चालणे मिळून मधल्या रोग्याचा वेळ भरला, तो दिवसाकाठी ४३ मिनिटे. चोवीस तासांतील तेवीस तासांहून अधिक वेळ, ज्याला पाय आहेत आणि ते चालतात, असा माणूस निजून किंवा बसून होता.

हे यंत्र करते तरी काय? त्याच्या पोटात एक अतिसूक्ष्म वजन स्प्रिंगसारख्या तंतूंवर तोललेले असते. पृथ्वीची ओढ कोणत्या बाजूला आहे आणि धक्का कोठून बसला, एवढेच ते ओळखते. मांडीवर बांधले तर मांडी आडवी की उभी, हे त्याला कळते. माणूस निजला काय किंवा खुर्चीत बसला काय, मांडी दोन्ही वेळा आडवीच असते. म्हणून दुसरे यंत्र घोट्याला लागते, कारण बसलेल्या माणसाची पोटरी उभी असते. आज मनगटावरच्या घड्याळांत आणि खिशातल्या मोबाईलमध्ये याच जातीचे यंत्र असते आणि आपली नातवंडे रात्री जेवताना पावलांचे आकडे एकमेकांना सांगतात. यात गूढ असे काही नाही. साधा ओळंबा आहे हा. गवंडी भिंतीला लावतो, तो येथे मांडीला लावला.

मग जी गोष्ट एवढ्याशा ओळंब्याला कळली, ती माणसांनी भरलेल्या इस्पितळात कोणालाच का कळली नाही? येथे थोडे थांबावेसे वाटते. परिचारिका गोळी द्यायला येते, तेव्हा रोगी खाटेवर असतो. ती समजते, आत्ता पडला आहे, मघाशी फिरून आला असेल. डॉक्टरांची फेरी येते. फेरी चुकू नये म्हणून म्हातारा सकाळपासून खाट सोडीत नाही. तो जागेवर सापडला याचे डॉक्टरांनाही बरे वाटते. संध्याकाळी भेटीची घंटा होते, लोक येतात, तेव्हाही तो पडलेलाच असतो. पाहुण्यांसमोर उठून फिरणे शिष्टपणाचे नव्हे. प्रत्येकाने त्याला एकेक क्षण पाहिले आणि उरलेल्या वेळी तो चालत असेल, असे प्रत्येकाने प्रामाणिकपणे मानले. कोणी खोटे बोलले नाही. परंतु सगळ्यांचे क्षण जोडून पाहणारा कोणी नव्हता. यंत्राची थोरवी असलीच तर एवढीच की ते चोवीस तास तेथून हलले नाही.

आणि त्या पडून राहण्याची किंमत लहान नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना १० दिवस खाटेवर ठेवण्यात आले. त्यांना ताप नव्हता, जखम नव्हती, आणि पोटभर अन्न मिळत होते. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. धडधाकट माणसाची ही गत. मग न्युमोनियाने खंगलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांची काय होत असेल? आपण सर्वांनी अशी घरे पाहिली आहेत. आजोबा पायी इस्पितळात गेले, ताप उतरला, छातीचा फोटो स्वच्छ आला आणि घरी आणले ते दोघांनी उचलून. त्यानंतर ते संडासापर्यंतही कधी आपले आपण गेले नाहीत. आपण म्हणतो, वय झाले होते. वय झाले होते हे खरेच. परंतु सगळा दोष वयावर टाकून मोकळे व्हावे, असे वरील आकडे होऊ देत नाहीत.

यातील खरा नैतिक प्रश्न मला असा दिसतो. रोग्याला इजा होण्याचे दोन मार्ग आहेत. तो चालता चालता पडेल, हा एक. आणि पडू नये म्हणून निजवला गेल्याने झिजेल, हा दुसरा. पहिल्या इजेला आवाज आहे. धाडकन आवाज होतो, माणसे धावतात, नोंदवहीत वेळ लिहिली जाते, नातेवाईक जाब विचारतात. दुसरी इजा मुकी आहे. स्नायू रोज थोडा थोडा जातो आणि कोणत्याही पाळीच्या वहीत त्याची नोंद होत नाही. २००८ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या सरकारी वृद्धविमा योजनेने, इस्पितळात पडून झालेल्या दुखापतीच्या उपचाराचे जादा पैसे इस्पितळाला देणे बंद केले. हेतू चांगला होता. पण इस्पितळाच्या बाजूने विचार करून पाहा. म्हातारा पडला तर भुर्दंड, आणि खाटेवर झिजला तर काहीच नाही! अशा हिशेबात व्यवस्थापक, तो कितीही सज्जन असो, म्हाताऱ्याला निजूनच ठेवील.

याच भीतीतून खाटेखाली धोक्याची घंटा बसविण्याची पद्धत वाढली. रोग्याचे वजन गादीवरून उठले की घंटा वाजते आणि कोणीतरी धावत येऊन त्याला परत निजविते. २०१२ साली एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका शहरी इस्पितळाच्या १६ वॉर्डांत २७,००० हून अधिक रोग्यांवर ही पाहणी झाली होती. घंटांचा वापर वाढविल्याने पडण्याचे प्रमाण काही कमी झाले नव्हते. आता पाहा, घंटेचे यंत्र आणि पावले मोजण्याचे यंत्र एकाच कुळातले. दोघांनाही माणूस हलला एवढेच कळते. एक यंत्र हालचालीला गुन्हा समजते आणि दुसरे तिची वाट पाहते. फरक तारांत नाही, ती कोणी कशासाठी बसविली यात आहे.

हे सारे दूरदेशीचे झाले, असे कोणी म्हणेल. आमच्याकडे बेळगावला, इंदूरला, वडोदऱ्याला रोग्याजवळ रात्रंदिवस घरचे माणूस असते. आमचा म्हातारा एकटा पडत नाही. हे अर्धे खरे आहे, आणि त्याचे मोल मी कमी लेखीत नाही. पण उरलेले अर्धेही पाहावे. जवळ बसलेली सून किंवा मुलगा काय करतो? "बाबा, तुम्ही उठू नका, मी आहे ना." पाणी तोंडाशी धरतात, घास भरवितात, संडासला जायचे म्हटले की खाटेखालून भांडे काढतात. बाबांनी पाय खाली सोडले की शेजारच्या खाटेवरचे पाहुणेसुद्धा ओरडतात. सेवा करायची ती आडव्या माणसाची, असे आपल्या मनात बसले आहे. उभ्या माणसाची सेवा कशी करावी, हे आपल्याला कोणी शिकविले नाही. अमेरिकेतला वृद्ध, हात धरायला कोणी नसते म्हणून पडून राहिला असेल; आपला वृद्ध, हात धरणारे पुष्कळ असूनही पडून राहतो. यंत्राला प्रेम आणि हेळसांड यांतला भेद कळत नाही. ते दोन्ही ठिकाणी तोच आकडा दाखवील आणि आपल्याला तो फार लागेल.

आता विरुद्ध बाजू. माणसांची मोजणी करण्याविषयी आपल्या लोकांच्या मनात एक जुनी धास्ती आहे, आणि शास्त्राभ्यासी वाचकांना दाविदाने केलेली शिरगणती लगेच आठवेल. यवाबासारखा कठोर सेनापतीदेखील त्या कामास राजी नव्हता. परंतु मोजणी हीच दोषी होती असे म्हणावे, तर शंभरांतले एक मेंढरू कमी आहे हे मेंढपाळाला मोजल्याशिवाय कसे कळले? दाविदाने मोजले ते आपल्याजवळ किती तलवारी आहेत हे पाहून समाधान मानण्यासाठी. मेंढपाळाची मोजणी संपली तेव्हा तो काठी घेऊन बाहेर पडला. पावलांच्या आकड्यालाही मी हीच कसोटी लावीन. आकडा वाचून कोणी खुर्चीवरून उठते काय? उठत नसेल, तर म्हाताऱ्याच्या पायाला ते यंत्र बांधण्याचा अधिकार आपल्याला नाही. न मोजणारा निदान म्हणू शकतो की मला ठाऊक नव्हते. मोजणाऱ्याला ती सोय उरत नाही.

ज्याच्या पायाला यंत्र बांधायचे, त्याला आधी विचारले पाहिजे, हे तर उघडच आहे. पण विचारणे म्हणजे कागदावर अंगठा घेणे नव्हे. हे कशासाठी, आकडा कोण पाहील, नको वाटले तर काढता येईल काय, हे त्याच्या भाषेत, त्याच्या कानाशी सांगितले पाहिजे. ज्याची स्मृती गेली आहे, त्याच्या बाबतीत हे काम अधिक अवघड आणि म्हणून अधिक सावकाशीचे आहे. आणखी एक धोका घरात असतो. आकडा हाती आला की मुले म्हाताऱ्याला शाळेतल्या मास्तरासारखी बोलू लागतात. "काल ३०० पावले होती, आज २०० च का?" ज्याने यांना बोट धरून चालायला शिकविले, त्याला असा जाब विचारणे मला तरी सहन होत नाही.

शिवाय हा आकडा पुष्कळदा चुकतो, आणि चुकतो तो नेमका दुबळ्याच्याच बाबतीत. मनगटावरचे घड्याळ हाताच्या हेलकाव्यावरून पावले ओळखते. वॉकर धरून, पाय घासत, हात एका जागी घट्ट रोवून चालणाऱ्या आजींची कित्येक पावले त्याच्या हिशेबी येतच नाहीत. अशांसाठी घोट्यावरचे किंवा मांडीवरचे यंत्र बरे. पण यंत्र अचूक असले तरी पावलाचे वजन त्याला कळत नाही. तरुण माणसाने जिना उतरताना टाकलेली वीस पावले आणि कंबरेचे हाड जोडल्यावर आजींनी खाटेपासून खिडकीपर्यंत टाकलेली वीस पावले, त्याच्या वहीत सारखीच. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट शब्बाथशाळेतल्या लहान मुलांनाही सांगता येते. ती यंत्राला सांगता येत नाही, म्हणून आकडा वाचणाऱ्याने ती लक्षात ठेवावी. रोज १०,००० पावले चालावीत असे आज जिकडेतिकडे ऐकू येते. या आकड्याचे मूळ १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या एका पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावात आहे; ते वैद्यकीय शास्त्राने घालून दिलेले माप नव्हते. वॉर्डात तो आकडा नेऊच नये.

वॉर्डातील आकडे फार लहान असतात आणि लहान असूनही बोलतात. टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन येथे १६२ वृद्ध रोग्यांच्या घोट्याला यंत्र लावून पाहिले. २०१० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी ज्यांची पावले ६०० किंवा अधिक वाढली, ते इतरांपेक्षा सुमारे दोन दिवस आधी घरी गेले. यावरून चालल्यामुळेच ते लवकर बरे झाले असे म्हणण्याची घाई करू नये. बरे वाटू लागले म्हणूनही माणूस चालतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे नुसत्या मोजणीने सुटत नाही.

ते सोडवायचे तर प्रत्यक्ष चालवूनच पाहावे लागते. स्पेनमधील पाम्प्लोना शहरात तसे करून पाहिले, आणि २०१९ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले. पंचाहत्तरीपुढचे ३७० रोगी, सरासरी वय ८७. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, आणि दुसऱ्याला त्याखेरीज सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ व्यायाम. खुर्चीतून उठणे, तोल सांभाळणे, चालणे, असा तो व्यायाम होता. सकाळी शिकविणारा माणूस शेजारी उभा राही. अंघोळ, कपडे, जेवण, चालणे हे आपले आपण करता येते किंवा नाही, हे पाहण्याची १०० गुणांची एक मापनपट्टी आहे. घरी जाताना नेहमीच्या गटातील रोगी त्या पट्टीवर सरासरी ५ गुणांनी घसरले होते. व्यायाम करणारे सुमारे २ गुणांनी वर चढले होते. रोग दोन्ही गटांत तसलेच होते आणि इस्पितळातले दिवसही सारखेच. सत्त्याऐंशीव्या वर्षी सात गुणांचा फरक म्हणजे सदऱ्याची बटणे कोण लावणार, एवढा फरक असतो.

येथे यंत्राचे काम कोठे संपते ते दिसते. अलाबामात त्याने खाट दाखविली. पाम्प्लोनात उठविले ते माणसाने, हात पुढे करून, रोज ठरल्या वेळी. मनुष्यबळ कमी आहे, एकेका परिचारिकेकडे चाळीस-चाळीस खाटा आहेत, हे आपल्याकडचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटे नाही. म्हणून जवळ बसणारे घरचे माणूस हीच आपली मोठी शिल्लक आहे. डॉक्टरांना विचारावे, "यांना उठवू का? किती? कशाच्या आधाराने?" कधी उत्तर येईल, नको. ताजे फ्रॅक्चर असेल, रक्तदाब पडत असेल, गुठळीची शंका असेल; तेव्हा निजणे हाच उपचार, आणि तो मुकाट्याने पाळावा. पण आश्चर्य हे की पुष्कळदा उत्तर येते, "अहो, चालवा की! कोणी नको म्हटले?" कोणीच नको म्हटलेले नसते. सलाईनचा स्टँड चाकांवर असतो, तो बरोबर ढकलता येतो. लघवीची नळी अजून हवी आहे काय, हेही विचारता येते. तिच्यापायी कित्येक जण विनाकारण बांधून पडलेले असतात.

आणि कोणी वृद्ध म्हणालाच, "पुरे झाले, मला पडू दे," तर? ज्याचा शेवट जवळ आला आहे आणि ज्याला ते कळते आहे, त्याला आकड्यासाठी उभे करणे हा छळ आहे. ज्याचे पाय कायमचे गेले आहेत, त्याच्याही पट्टीवर शून्य येईल, आणि ते शून्य त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. थकून नको म्हणणारा आणि मुलांना त्रास नको म्हणून नको म्हणणारा, यांतला फरक शेजारी बसूनच ओळखावा लागतो.

मंडळीतर्फे आजाऱ्यांच्या भेटीला जाणारे बंधुभगिनी या बाबतीत एक छोटे काम करू शकतील. इस्पितळात नेण्याची पिशवी आपण सारे भरतो. थर्मास, पेला, दोन चादरी, जुन्या तपासण्यांचे कागद, फळे, सारे आठवणीने घेतो. आजोबांच्या चपला मात्र घरी दाराशीच राहतात, कारण त्यांना रिक्षातून उचलून नेलेले असते. काठी कोपऱ्यात राहते. रात्री हरवेल म्हणून चष्माही कोणीतरी घरी नेऊन ठेवतो. गुळगुळीत फरशीवर, अनवाणी, नीट दिसत नसताना, काठीवाचून, ऐंशी वर्षांचा माणूस खाटेखाली पाय कसा टाकील? भेटीला जाताना मोसंबी घेऊन जाण्याआधी त्यांच्या घरावरून जावे आणि चपला, काठी व चष्मा बरोबर न्यावा. चपला मागे पट्टा असलेल्या, न निसटणाऱ्या असाव्यात.